व्हिडिओतले सर

कॉलेजात माझ्या मागच्या वर्गात असलेला एक डॉक्टर दोन वर्षांपूर्वी मेहकरात आला. जनावरांचाच डॉक्टर, माझ्यासारखा. त्याने दवाखान्यात औषधांचं कपाट लावायच्या आधी भिंतीला हिरवा पडदा लावला, समोर गोल दिवा उभा केला आणि गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून मोबाइलशी बोलायला लागला. लाळ्या-खुरकुताची लस कधी द्यावी, हे तो अशा थाटात सांगे, जणू ती लस त्यानेच सकाळी चुलीवर उकळून काढली होती.

मग मुलाखती सुरू झाल्या. मोबाइलवर बातम्या चालवणारा एक स्थानिक पत्रकार त्याला विचारी, "सर, आपल्या यशाचं रहस्य काय?" हा थोडा वेळ छताकडे बघून विचार केल्यासारखं करी. प्रश्न त्यानेच आदल्या दिवशी लिहून पाठवलेला असे. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण माझ्या मुलाखतीचे प्रश्नही त्यानेच लिहिले.

हो, मीही दिली. फोन कमी यायला लागले होते आणि तो म्हणाला, "मॅडम, गूगलवर तुमचं नाव टाकलं तर साडीचं दुकान निघतं." हे मला लागलं.

कडक इस्त्रीचा पांढरा कोट घालून त्याच्या हिरव्या पडद्यासमोर बसले. पहिल्याच वाक्याला त्याने थांबवलं.

"मॅडम, 'गाईले' नका म्हणू. 'गाईला' म्हणा. पुण्याचे लोकही बघतात."

"पुण्यातली कोनती गाय माह्याकडे येनार हाय?" मी म्हटलं. पण पुढच्या वेळी निमूटपणे 'गाईला' म्हणाले. ते वाक्य चार वेळा घेतलं. घरी आईने व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, "हे कोन बाई बोलून राह्यली? तुह्यासारखीच दिसते."

त्यानंतर आठवडाभराने मेहकरजवळच्या एका गावातून सकाळी फोन आला. म्हैस अडली होती. तो तेव्हा माझ्या दवाखान्यात बसलेला होता. "मी येतो, खरी केस पाहिजेच होती," म्हणत तो गाडीत बसला.

म्हैस आडवी पडली होती. पिल्लाचे पुढचे दोन्ही पाय बाहेर, पण मान मागे वळलेली. म्हशीची मालकीण, साठीतली विधवा बाई, तिच्या डोक्याशी बसून होती. मी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला. माझा हात बारीक आहे, अशा वेळी तो कामी येतो. पिल्लू आत ढकललं, नाकपुड्या चाचपून मान सरळ करत आणली. तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, एक मिनिट. हात बाहेर काढून पुन्हा घाला ना, सुरुवात नीट नाही आली."

मी काही बोलायच्या आधी ती बाई उठली.

"काऊन बे? माही म्हैस मरून राह्यली अन् तू शुटिंग करून राह्यला? चाल, निंघ भाईर!"

तो बाहेर गेला, पण मोबाइल स्टँडवर तसाच चालू राहिला. मला ते दिसलं नाही. दहा-पंधरा मिनिटांत पिल्लू बाहेर आलं. मादी, म्हणजे वगार होती. नाकातोंडातला चिकटा काढून पोत्याने खसाखसा पुसली, तेव्हा कुठे तिने श्वास घेतला. ती बाई माझ्या घाणेरड्या खांद्याला धरून रडली. वगार झाली म्हणून गावभर सांगत सुटली.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. माझा चेहरा कापलेला. पडद्यावर फक्त निळा हातमोजा, म्हशीचं अंग आणि शेवटी थरथरणारी वगार. वर त्याचा गंभीर आवाज: "अशा वेळी मी सर्वप्रथम मान सरळ करतो."

मी तडक त्याच्या दवाखान्यात गेले. "तू? तू तर भाईर उभा होता."

तो हसला. "मॅडम, लोकांना माहिती मिळाली ना? हात कोणाचा, याने काय फरक पडतो?"

"मंग दाखव माहं तोंड."

"चेहरा घेतला की व्हिडिओ लांबतो."

मी त्याला म्हटलं की माझी मुलाखत आजच काढून टाक. ती त्याने लगेच काढली. ती फारशी कोणी पाहिली नव्हती, एवढं सांगायला विसरला नाही. म्हशीचा व्हिडिओ मात्र आजही आहे. खाली लोकांनी हात जोडलेत. 'सरांच्या हाताला यश आहे,' असं खामगावच्या एकाने लिहिलंय.

मागच्या महिन्यात मला फोन आला. ओळखीतला शेतकरी. म्हैस अडलेली.

"ताई, ते व्हिडिओतले सर हायत ना, त्याइचा नंबर देता काय?"

मी दिला. समजावून सांगायचा कंटाळा आला होता. अर्ध्या तासाने त्याचाच पुन्हा फोन. सर खेड्यावर येत नाहीत, व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शन करतात. त्यांनी मोबाइल म्हशीच्या मागच्या बाजूला धरायला सांगितला होता.

"मंग धरला काय?" मी विचारलं.

"धरला न ताई. तुमीच या आता."

मी हातमोजे पिशवीत टाकले आणि गाडी काढली.