फुटलेल्या दोन गोण्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मटार सोलणं. माझी हमाली सुटली होती, पण मार्केटातले जुने गाळेवाले हातावर काहीतरी ठेवायचेच. त्या दिवशी अर्धी पिशवी मटार मिळाले. बायको सोलत होती, मी दाणे तोंडात टाकत होतो.

"सोलताय का चरताय?" ती म्हणाली. मग हात न थांबवता, "दिघ्याला कधी जायचं?"

"रविवारी."

"तुमचा रविवार उगवायला दुसरा सूर्य आणावा लागंल."

दिघ्याला माझी थोरली वहिनी तिच्या मुलाकडे राहते. भाऊ कधीच वारला. त्या मुलाच्या बायकोला दोनदा दिवस गेले आणि राहिले नाहीत, म्हणून वहिनीने तिला माहेरी धाडलं होतं. तिला परत आणा, एवढंच सांगायला जायचं होतं. पण त्यासाठी मला वहिनीसमोर माझ्या रक्ताची गोष्ट काढावी लागणार होती. मी तोंडाचा फटकळ, कुणाला भीत नाही. तरी ह्या गोष्टीला जीभ उचलत नव्हती.

आमची तीन पोरं पोटातच गेली. मग एक मुलगा झाला, त्याचा ओठ फाटलेला. त्याने मान धरली नाही, दूध ओढता येईना. थोडे महिने काढले आणि गेला. जगली ती एक लेक. माझी आई आणि वहिनी, दोघींनी सगळं बायकोच्या माथी मारलं. ग्रहणात विळी घेतली असशील, तुझ्या कुशीलाच कीड हाय. तिने ग्रहणात विळी घेतली नव्हती. पण ऐकून ऐकून तिलाच शंका यायला लागली. साध्या दिवशीही विळीवर बसण्याआधी ती खिडकीतून आभाळ बघायची.

लेक जुईनगरला दिली. तिचंही तसंच सुरू झालं. जावई नोकरदार, समजूतदार. तो तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे त्या दोघांचं रक्त घेतलं, मग आम्हा दोघांचं. लेकीच्या रक्तात जे सापडलं तेच माझ्यात निघालं. बायकोचं रक्त सरळ.

डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं. "बाबा, शरीरात बारीक धाग्यांच्या जोड्या असतात. गुणसूत्रं म्हणतात त्यांना. जोडीतला एक धागा आईचा, एक बापाचा. तुमच्यात दोन वेगळ्या जोड्यांतला एकेक धागा तुटलाय आणि जुळताना तुकड्यांची अदलाबदल झालीय. हरवलं काहीच नाही, म्हणून तुम्ही धडधाकट."

"मग पोरं का गेली?"

"मुलाला प्रत्येक जोडीतला एकच धागा जातो ना."

मी हमाल माणूस, मला गोण्या दिसल्या. गाडीत एक कांद्याची आणि एक बटाट्याची गोणी फुटली. घाईत भरताना थोडा कांदा बटाट्यात गेला, थोडा बटाटा कांद्यात. दोन्ही गोण्या एकाच गाडीत आहेत तोवर माल पुरा. त्यातली एकच उचलून, जोडीला दुसरी धड गोणी घेऊन, दुसऱ्या गाडीत टाकली की तिथे एक जिन्नस कमी, एक जास्त. आमच्या पोरांचं तेच झालं. लेकीच्या वाट्याला दोन्ही फुटक्या गोण्या एकदम आल्या, म्हणून ती जगली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिचंही दर वेळी बिघडेलच असं नाही.

बायकोने विचारलं, "तुटतं कशानं?"

"बीज तयार होताना धागे तुटतात, जुळतात. एखाद्या वेळी चुकीचे जुळतात. कुणी काही केलं म्हणून नाही. बाबांना बहुतेक त्यांच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून आलंय. भावंडांतही असू शकतं. त्यांना सांगा."

"आन् ग्रहण?"

"ग्रहणाचा काही संबंध नाही, आजी."

मला वाटलं, हिला हायसं वाटेल. बसस्टॉपवर तिने बस येतेय का बघितलं. मग म्हणाली, "सासूबाई पायजे होत्या आज."

"ऐकवलं असतंस?"

"आता ऐकवू कुणाला? ती दिघ्याची सून हाय अजून. तिला तरी वेळेत कळू दे."

ती रोज विचारायची, मी रोज रविवार म्हणायचो. मटार सोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या छातीत कळ आली. रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दुपारी तिला पोचवून आलो. घरात बायका बसल्या होत्या. सगळ्यात मोठ्याने वहिनी रडत होती. ते रडणं खोटं नव्हतं, दोघींनी एका चुलीवर संसार केला होता. पण रडता रडता म्हणाली, "तुज्या कुशीनं दगा दिला गं बाई! लेकीलाबी तेच देऊन गेलीस!"

लेक शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, ते तिनं न्हाई दिलं. मी दिलं."

"भावजी, डोकं ठिकाणावर न्हाई तुमचं. पडा जरा."

"रक्त तपासलंय माझं. दादातबी असंल, तुमच्या पोरातबी असंल. सून कशापायी धाडली माहेरी?"

दादाचं नाव निघाल्यावर तिचं रडं थांबलं. "मेल्या माणसाला नाव ठेवताय?"

"मेल्या माणसाला आत्ता तुम्हीच ठेवलं."

दोघीतिघींनी तिला उठवून बाहेर नेलं. पुतण्या दारात उभा होता. खाली मान घालून तो आईच्या मागून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली आणि निघालो. पुतण्याचा सासरा न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो, त्याचं घर त्याच बाजूला. लेक म्हणाली, "बाबा, सुतकात कुणाच्या दारात जातात का?"

"दारातच जातो. आत जात न्हाई."

बसने गेलो. घरासमोर उभं राहून हाक मारली. सासरा बनियनवर बाहेर आला, मला बघून दचकला. "या की आत."

"सुतक आहे. इथूनच बोलतो."

शेजारची माणसं बाहेर आली. मनात म्हटलं, बरं झालं, सगळ्यांनीच ऐकावं.

"तुमच्या पोरीत काही नाहीच, असं मी म्हणत नाही. ते रक्त सांगेल. पण आमच्या घरात आहे. माझ्यात सापडलंय. आधी आमच्या पोराचं रक्त बघू, मग पोरीला कोण काय बोलतं ते बघू."

पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. वाळली होती. माझ्याकडे न बघता तिने तांब्या पुढे केला.

म्हटलं, "पाणी मागनं पितो. आधी तू बस." आणि गोण्यांपासून सांगायला सुरुवात केली.