व्हॅनमधला बॉक्स बेड

माझ्या थोरल्या दिरांना मोकळी जागा बघवत नाही. वीतभर भिंत रिकामी दिसली की त्यांच्या हाताला खाज सुटते. ते फर्निचरची कामं घेतात आणि भाईंदर पूर्वेतल्या आमच्या वन रूम किचनमधलं सगळं लाकूडकाम त्यांचंच आहे. दारावर माळा, दाराशेजारी कपाट आणि खोलीत मधोमध तो बॉक्स बेड. लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच्यावर मी झोपते आणि त्याच्या पोटात सासरचं सामान झोपतं. सासूबाईंची पितळेची परात, दिरांच्या मुलीच्या लग्नातल्या जादा गाद्या, गणपतीच्या मखराच्या फळ्या. दिरांचं घर पुढच्याच गल्लीत, पण तिथे म्हणे जागा नाही. त्यांना काही हवं असलं की ते येतात, मी उठून उभी राहते, ते बेड उघडतात. तापाने फणफणत असतानाही मी उठलेय, आणि त्यांनी मखराच्या फळ्या आरामात मोजून घेतल्यायत.

नवरा आधी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. शाळेने स्वतःच्या बस घेतल्या, हा एका कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागला आणि व्हॅन बिल्डिंगच्या मागे उभी राहिली. एका रविवारी आम्ही तिच्यातून उत्तनला गेलो. मागचं दार वर उचलून, समुद्राकडे तोंड करून मी पाय सोडून बसले. तासभर मला कोणी ‘जरा ऊठ’ म्हणालं नाही. परतताना मी नवऱ्याला म्हटलं, मागच्या सीटा काढू, सपाट फळी टाकू, वर गादी, एक छोटी शेगडी, पाण्याचा कॅन. सुट्टीला कुठेतरी जाऊन राहू. लोक गाड्यांचे कॅम्पर करतात ते मी मोबाइलवर पाहिलं होतं. तसला थाट मला नको होता. पाय पसरून, पाठ ताठ ठेवून बसता यावं आणि ती जागा माझी असावी, एवढंच हवं होतं.

“करूया की,” नवरा म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी भावाला सांगून आला.

दादा टेप घेऊन हजर. मी लॅबमध्ये कामावर असताना त्यांनी सीटा काढल्या, प्लाय कापला आणि संध्याकाळी मला बोलावून दाखवलं. व्हॅनमध्ये बॉक्स बेड होता. चांगला अडीच फूट उंच, वर उघडणारं झाकण, कडेला पॉलिश.

“एवढा उंच कशाला?” मी विचारलं.

“खाली बघ ना किती माल मावतोय. अख्खं बिऱ्हाड जाईल,” ते म्हणाले. त्यांनी टेपने खालचं अंतर मला मोजून दाखवलं. वरचं मोजायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आयुष्यभर या माणसाने पलंगाखाली काय राहील तेवढंच पाहिलंय, पलंगावर कोण राहतं ते नाही.

“बसता येणार नाही यात.”

“बसायचंय कशाला? बेड झोपायला असतो. सुतारकाम तुला शिकवायचंय का मला?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पॉलिश केलेल्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाला, “चालून जाईल गं.” हे वाक्य मला शिवीसारखं लागतं. आमच्या घरात जे जे मला चाललं नाही, ते सगळं असंच चालून गेलंय.

तरी मी गेले. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही उत्तनला, बोंबील सुकवायच्या बांबूंच्या रांगांजवळ गाडी लावली. मी आत चढले. आडवी झाले तर छत नाकासमोर. कोपरावर उठले तर डोकं आपटलं. बोंबील पसरणारी एक कोळीण हात पुसत आली, आत वाकून बघून म्हणाली, “यात बसाला जागाच न्हाय गं बाई.” तिला एका नजरेत कळलं.

मी खाली उतरले. निदान चादर टाकून वाळूत तरी बसू म्हणून झाकण उघडलं. आत चादर नव्हती. दिरांच्या घरचा पंखा, भांड्यांचं पोतं, जुना मिक्सर, पडद्यांच्या दांड्या, कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या ड्रॉवरचे तुकडे. तळापासून झाकणापर्यंत ठासून भरलेलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “हे काय?”

“दादाने काल ठेवलं,” नवरा वाळूकडे बघत म्हणाला. “रिकामंच होतं ना. त्याच्या घरी फार अडचण होतेय.”

“आणि तुम्हाला माहीत होतं.”

तो झाकण लावायला पुढे झाला.

त्या क्षणी मला दिरांपेक्षा याचा जास्त तिरस्कार वाटला. ते निदान बिनदिक्कत घेतात. हा माझं उचलून देतो आणि वर बिचाऱ्यासारखा उभा राहतो.

आम्ही चहासुद्धा न करता परतलो. मी गाडी थेट दिरांच्या दाराशी लावायला लावली आणि एकेक वस्तू त्यांच्या उंबऱ्याबाहेर ठेवली. शेजारी बघायला आले. दादा बनियनवर बाहेर आले.

“डोकं फिरलंय का तुझं? दोन दिवस ठेवलं तर काय बिघडलं?”

“घरातल्या बेडमधलंही घेऊन जा. आठ दिवस देते. नाहीतर तेही असंच येईल.”

“घर माझ्या भावाचं आहे.”

“तर भावाच्या उशाशी ठेवा. मी आता उठणार नाही.”

मग हार्डवेअरच्या दुकानात गेले. “भैया, प्लाय काटने की आरी दो.”

“काटेगा कौन?”

“मैं.”

दुपारभर बिल्डिंगच्या मागे मी तो बेड कापत होते. वेडावाकडा कापला गेला, हाताला फोड आले, पॉलिश केलेली कड चिरफाळली. दीड फूट कमी केला. वर गादी टाकली, पाय पसरले, पाठ ताठ केली. डोकं छताला लागलं नाही. समोर समुद्र नव्हता, कंपाउंडची भिंत आणि पाण्याची टाकी होती. मला चाललं.

थोड्या वेळाने नवरा आला. दाराशी घुटमळला. मग म्हणाला, “आत येऊ का?”

इतक्या वर्षांत मी जिथे बसलेय तिथे येताना कोणी हे विचारलं नव्हतं.

“आधी हात दाखवा,” मी म्हटलं.

त्याने दोन्ही तळवे पुढे केले. रिकामे होते. तरी मी त्याला बराच वेळ तसाच उभा ठेवला.