गादीत राहिलेली सुई

उत्साहाच्या भरात लिहिलेलं मी नेहमी तीन दिवस ठेवून मग तपासते. हे लिहायलाही तसंच थांबले, पण भर काही ओसरत नाही. तेव्हा आहे तसंच लिहिते. मी सांगलीत एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. शस्त्रक्रियेआधी कात्र्या, चिमटे, सुया, गॉज सगळं मोजायचं आणि टाके घालण्याआधी पुन्हा मोजायचं, हे माझं काम. आकडा जुळला नाही तर डॉक्टर कितीही घाईत असोत, मी "थांबा" म्हणते. घरीही किराण्यापासून प्रार्थनेत कोणाची आठवण करायची इथपर्यंत सगळ्याच्या याद्या असतात. अशा बाईला गेल्या महिन्यात एका फोननं मुळापासून हलवलं.

फोन माझ्या मुलीचा, स्टेलाचा. ती कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचा बाप्तिस्मा ठरला होता आणि स्टेला धर्ममाता, म्हणजे बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारी, होणार होती. ती म्हणाली, "आई, मामाला सांग, दुसरं कोणी बघ. तिथं उभं राहून 'माझा विश्वास आहे' म्हणायचं असतं. बाळाला हातात धरून मी खोटं बोलणार नाही." मग तिनं कारणं सांगितली: गोव्यातल्या इन्क्विझिशनमधला छळ, आकाशाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाला झालेली शिक्षा, मरियेच्या मूर्ती, पापं फादरना सांगणं, आणि शेवटी काही धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार. फोन ठेवल्यावर मी रडले, हे कबूल करते. नंतर डोळे पुसले, भावाला काही कळवलं नाही आणि नवीन वही काढली.

वहीत मी दोन रकाने आखले. डावीकडे आक्षेप, उजवीकडे उत्तर. एकूण एकतीस आक्षेप झाले. चर्चच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणली, फादरना शंका विचारल्या, आणि खरं सांगते, मला मजा यायला लागली. आपल्या श्रद्धेच्या बाजूनं इतकं बोलण्यासारखं आहे, हे पन्नाशीत कळलं! मरियेची आपण पूजा करत नाही, आईला "माझ्यासाठी शब्द टाक" म्हणावं तसं म्हणतो. पापनिवेदनात क्षमा देव करतो, फादर ती आपल्या कानांपर्यंत पोहोचवतात. शाळा, दवाखाने, कुष्ठरोग्यांची सेवा, सगळं क्रमवार लिहिलं. सुट्टीच्या गुरुवारी वही पिशवीत घालून सकाळची पॅसेंजर पकडली तेव्हा मी मोहिमेवरच निघाले होते.

गाडीत पुटपुटत उजळणी चालली होती. समोर साठीची एक मुसलमान बाई बसली होती. गाद्या शिवायचं घरचं काम, हे तिच्या मांडीवरच्या गाठोड्यातून डोकावणाऱ्या कापसावरून कळत होतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "परीक्षा हाय व्हय ताई?"

"हो चाची. पोरीपुढं."

"आगं बया! मग नापासच की तुमी." ती एवढ्या मोठ्यानं हसली की मलाही हसू आलं. मी तिला स्टेलाच्या फोनचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वाचा की मोठ्यानं. मी पोरगी हाय समजा."

मी वाचत गेले. मरियेचं उत्तर तिला लय आवडलं. "आमच्यात बी मरियमला मान हाय. तिला कोण नावं ठेवतंय?" मग नऊ क्रमांक आला. मुलांवरचे अत्याचार आणि वरिष्ठांनी ते झाकणं. माझं उत्तर होतं: वाईट माणसं प्रत्येक क्षेत्रात असतात, काहींमुळे सगळ्यांना दोष देऊ नये. चाचीनं हात वर केला.

"हितं 'चुकलं' आसं कुठं लिवलंय?"

मी पानं उलटली. एकतीस उत्तरांत कुठंच नव्हतं.

ती म्हणाली, "गादी शिवली की आमी शेवटच्या टाक्याआधी सुया मोजतो. एक जरी आत ऱ्हायली तर वरनं किती बी भारी कापड घाला, निजणाऱ्याला टोचणारच. तुमची पोरगी त्या गादीवर निजली हाय ताई."

माझ्या अंगावर काटा आला. आताही येतोय. मी काय काम करते, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. त्या शिकवणीचे शब्द माझ्या थिएटरमधले होते आणि ते कापूस पिंजणाऱ्या घरातल्या बाईच्या तोंडून आले. मी पुढं काही बोलण्याआधीच शेणोली आलं. "अल्ला पास करंल तुमाला," म्हणत ती गाठोडं सावरत उतरून गेली.

कराड येईपर्यंत एकच गोष्ट मनात घुमत होती. दर रविवारी मिस्साच्या सुरुवातीला आपण काय करतो? छातीवर हात मारून सगळ्यांदेखत स्वतःचा अपराध कबूल करतो. फादरही करतात, बिशपही करतात. आमची उपासना सुरूच कबुलीनं होते. चर्चच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा दर आठवड्याला माझ्याच हाताखाली होता, आणि मी एकतीस ओळींत चूक मान्य करायला जागाच ठेवली नव्हती. टाके घालून मोकळी झाले होते, आकडा न जुळवता.

स्टेला संगमाच्या घाटावर भेटली. वही बघून म्हणाली, "बापरे, किती पानं आहेत?" मी पेन काढलं आणि तिच्यासमोर नऊ क्रमांकाचं उत्तर खोडलं. खाली लिहिलं: चुकलं. झाकलं, ते आणखी चुकलं. मग इन्क्विझिशनसमोर आणि त्या शास्त्रज्ञासमोर तेच लिहिलं. आणि शेवटी तिला म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी तू त्या अत्याचारांची बातमी घेऊन रडत आली होतीस. मी म्हणाले, चर्चची बदनामी करू नकोस. तेव्हा माझंही चुकलं, बाळा."

तिनं वही स्वतःकडे ओढली आणि खोडलेल्या ओळीवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "आई, तू वहीत खोडलंस? तू?"

"हो. पण बाकीची अठ्ठावीस उत्तरं पक्की आहेत, ती ऐकावीच लागतील."

ती हसली, आणि खरोखर ऐकायला लागली. वाद घातला, दोन ठिकाणी मला अडवलंही. निघताना एवढंच म्हणाली, "रविवारच्या बाप्तिस्म्याचं सांगत नाही. बघू." मी आग्रह केला नाही. माझ्या हातातलं संपलं होतं. परतीच्या गाडीत आयुष्यात पहिल्यांदा मी पुढची यादी न करता जपमाळ हातात घेऊन बसले, आणि म्हटलं, प्रभू, आता तू मोज.

रविवारी मिस्सा सुरू झाली तेव्हा ती आली नव्हती. छातीवर हात मारायची वेळ आली, मी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ती शेजारी उभी होती, धापा टाकत, स्वतःच्या छातीवर हात ठेवून. पुढं बाळ तिच्या हातात होतं. फादरनी विचारलं. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाळाकडे, आणि इतक्या ठणठणीत आवाजात "होय, माझा विश्वास आहे" म्हणाली की बाळ दचकून रडायला लागलं आणि सगळं चर्च हसलं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. सगळं लिहून ठेवणाऱ्या मी चाचीचं नावच विचारलं नाही. माझ्या रोजच्या प्रार्थनेच्या यादीत आता पहिल्या ओळीवर 'शेणोलीची गादीवाली चाची' असं आहे. ज्यानं तिला त्या डब्यात माझ्यासमोर बसवलं, त्याला नाव ठाऊक आहे, तेवढं पुरे.