शेवटच्या सालाची रिकामी जागा

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना इतिहासाच्या मॅडमनी फळ्यावर एक शब्द लिहिला होता: कालखंड. त्या म्हणाल्या, "कालखंड म्हणजे नुसत्या तारखा नव्हेत. कशापासून कशापर्यंत आणि मध्ये काय बदललं, ते सांगता आलं पाहिजे. सुरुवात हवी, शेवट हवा." मी ते वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, म्हणून मॅडम खोकल्या तरी मी लिहून घेते, असं बाकीच्या मुली म्हणायच्या.

घरी हा शब्द कुणी वापरत नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, नुसतं 'काळ' म्हणायचे. कसबा पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून ते भांड्यांवर नावं घालायचे. आधी छिन्नी-हातोडीनं, मग विजेच्या मशीननं. "पितळेच्या काळात हात भरून यायचा," ते सांगायचे, "स्टीलच्या काळात कान भरून येतो." पितळेचा काळ संपला कधी, असं विचारलं तर म्हणायचे, "संपला कुठं? परवाच एक पातेलं आलं हुतं."

शाळा सुटली की मी त्या पायरीवर जाऊन बसायचे. लोक चिठ्ठीवर मजकूर लिहून आणायचे आणि मी तो अण्णांना वाचून दाखवायचे. एकदा एक बाई वाटी घेऊन आल्या. म्हणाल्या, "अहो, नवरीच्या सासरचं पूर्ण नाव आलं पाहिजे, शिवाय आमच्या पाचही जणांची नावं." अण्णांनी वाटी फिरवून बघितली. "बाई, वाटी हाय ही. एवढी माणसं बसवायची तर पिंप आणा." बाई हसल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी कळशी घेऊन आल्या.

मॅडमनी प्रकल्प दिला तेव्हा मी हाच विषय घेतला. आपल्या भागातला एक धंदा निवडायचा, त्याचे कालखंड पाडायचे. सर्वांत चांगला प्रकल्प वर्गात वाचला जाणार होता. तो माझा असावा, असं मला फार वाटत होतं. मी पितळेचा कालखंड लिहिला, स्टीलचा लिहिला. मग लिहिलं की आता लोक आहेरात पाकीट देतात, नावं घालायला फारसं कुणी येत नाही. मॅडमना शेवट हवा होता. मी चालू साल टाकलं आणि खाली पट्टीनं रेघ मारली.

रात्री अण्णांनी फाईल मागितली. ते चौथीपर्यंत शिकलेले. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी सगळं वाचलं आणि बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"हे साल कशाचं?"

"शेवटचं. कालखंडाला शेवट लागतो, अण्णा."

"पर मी उद्या जाणार हाय की दुकानावर."

त्यांनी फळीवरून माझ्या बारशाची वाटी काढली आणि तिच्या काठावरची तारीख दाखवली. "भांडं दिलं त्या दिवसाचं साल घालतो आपण. ते मोडीत गेलं त्या दिवसाचं कुणी घालून नेलंय का?" ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी ते साल पांढऱ्या शाईनं पुसलं.

"शेवट कुठे आहे?" मॅडमनी वर्गात विचारलं. मी उभी राहून अडखळत वाटीचं सांगितलं. मागून कुणीतरी हसलं. मॅडमनी फाईलचं शेवटचं पान पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, "शेवट ठरवता येत नसेल तर कालखंड म्हणू नका. वडील म्हणतात तेच बरोबर आहे. काळ म्हणा." मार्क मात्र त्यांनी कापले. वर्गात दुसऱ्याच मुलीचा प्रकल्प वाचला गेला. त्या दिवशी मी मंडईवरून उगाच लांबच्या रस्त्यानं घरी आले. अण्णांना मार्कांचं सांगितलं नाही, शब्दाचं तेवढं सांगितलं.

"मग? इतकी वर्षं काय चुकीचं बोलत हुतो?" ते म्हणाले.

गेल्या वर्षी अण्णांची नजर फारच कमी झाली. मशीन विकलं. त्या पायरीवर आता मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. दिवाळीच्या आवराआवरीत ती फाईल हाती लागली. पांढऱ्या शाईचा पोपडा तसाच होता. आता तिथे कोणतं साल येईल, हे मला नक्की माहीत होतं. मी पेनसुद्धा उघडलं.

खिडकीशी ठकठक चालू होती. शेजारच्या काकूंनी नातीसाठी तांब्या आणून दिला होता, "जमेल तसं घाला" म्हणून. अण्णा तो उजेडाकडे धरून, अक्षर बोटानं चाचपत, जुन्या छिन्नीनं एकेक ठोका घालत होते. लहानपणी पायरीवर ऐकलेला तोच आवाज होता, फक्त ठोक्यांमधलं अंतर वाढलं होतं. मग तो थांबला.

"तारीख सांग गं आजची," ते म्हणाले. "सालासकट."

मी पेनाला टोपण लावलं आणि सांगितली.