आज पाणी कुणाच्या घरी प्यालीस?

राधाबाई गेल्या, हे मला माझ्या जुन्या विद्यार्थिनीनं, पल्लवीनं फोनवर सांगितलं. मी तेव्हा धाराशिवच्या घरी जुनी कागदपत्रं वर्षवार लावत बसले होते. "मॅडम, मावशी गेल्या. पहाटे, झोपेतच…" त्याला आता दीड महिना झाला. तुम्ही दोघं नातवंडं तिकडं परदेशात. आजी कॉलेजात शिकवायची, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. आजीला कुणी शिकवलं, हे मात्र सांगायचं राहिलं होतं.

आमचं महाविद्यालय समाजकार्याचं. बी.एस.डब्ल्यू.ची मुलं आठवड्यातले दोन दिवस वर्गात नसतात. एखाद्या गावात, दवाखान्यात, वसतिगृहात जाऊन काम करायचं, त्याचा अहवाल लिहायचा आणि तिथल्या जबाबदार माणसाची हजेरीपत्रकावर सही आणायची. याला आम्ही क्षेत्रकार्य म्हणतो. त्या सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही. तो विभाग माझ्याकडं होता. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत आणि शिस्तीत झालेलं, त्यामुळं प्रत्येक गोष्टीला रकाना असावा असं मला वाटायचं, आणि तसे मी ते आखलेही होते. धाराशिव जिल्ह्यातल्याच वाशीजवळच्या एका गावात आमच्या मुली अंगणवाडीत जात. राधाबाई तिथल्या सेविका. लग्न होऊन दोन लेकरं झाल्यावर सातवीची परीक्षा दिलेल्या. अंगणवाडी गावाबाहेरच्या वस्तीत होती आणि राधाबाईंचं घर तिला लागूनच. ती वस्ती गावाबाहेर का, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगते : जातीमुळं.

सही करण्याआधी राधाबाई प्रत्येक मुलीला एकच प्रश्न विचारत. "आज पाणी कुणाच्या घरी प्यालीस?" मुलीनं नाव सांगितलं की त्या सही करत. दारात उभं राहून घरात किती माणसं आहेत ते लिहून घेता येतं, पण पाणी प्यायचं तर आत जाऊन टेकावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मला ती त्यांची लकब वाटायची. रकाना नव्हता तिला.

पल्लवी कळंबच्या बागायतदार घरातली. तिचे अहवाल इतके सुरेख असत की मी ते वर्गात वाचून दाखवी. 'कुटुंबासोबत घरात बसून चर्चा केली', असं दर भेटीत लिहिलेलं. त्या वर्षी सगळ्यात जास्त गुण मी तिलाच दिले, आणि परीक्षेला तीन आठवडे उरले असताना ती रडवेली होऊन आली. शेवटच्या पाच भेटींवर राधाबाई सही करत नव्हत्या. मी तिला घेऊन तडक गावी गेले. राधाबाई मुलांना खिचडी वाढत होत्या. "पोरगी हुशार हाय," त्या हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "पर उंबऱ्याच्या आत न्हाय गेली. आदी नाव सांगायची तवा म्या सही केली, आता वस्तीतल्या बायाच सांगत्यात. आन कागदावर घरात बसलेली हाय."

"राधाबाई, पाणी पिणं अभ्यासक्रमात नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"व्हय, नसंल. पर म्या सही लई उशिरा शिकले मॅडम. ती खोट्याच्या खाली न्हाय करायची." मग त्यांनी पळी ठेवली आणि माझ्याकडं नीट पाहिलं. "एक बोलू? राग धरू नका. आठ वर्सं झाली, तुमी येता. खुर्चीवर बसता, चहा नगं म्हंता आन बाटलीतलं पानी पिता. म्या कदी इचारलं का?"

मी सांगितलं, पोटाच्या दुखण्यामुळं डॉक्टरांनी उकळलेलं पाणीच प्यायला सांगितलंय.

"असंल की," त्या म्हणाल्या.

ते कारण खरं होतं. पण चहा उकळूनच होतो, आणि चहाला डॉक्टरांनी मनाई केली नव्हती… आठ वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नाही, असं मी म्हणू शकते. ते पुरेसं नाही, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मी चुकले होते. पल्लवीनं अहवालात जे लपवलं, तेच मीही आठ वर्षं करत आले होते.

"घरी आजी रोज विचारते," पल्लवी मागून हळूच म्हणाली, "तिथं काही खाल्लं-प्यालं नाहीस ना. तिच्याशी खोटं बोलू का तुमच्याशी?"

"दोगींशीबी नगं बोलू," राधाबाई म्हणाल्या.

मी चहा मागितला. त्यांनी स्टो पेटवला आणि मला विचारलं, "साखर किती? का तेबी डॉक्टरला इचारू?" मी हसले, तेव्हा कुठं तिथला ताण थोडा सैल झाला. पल्लवीनं कप बराच वेळ नुसता हातात धरला, मग अर्धा प्याली आणि हजेरीपत्रक पुढं केलं. "एका कपावर सही? मंग लई सस्ती झाली की," म्हणत राधाबाईंनी ते परत सारलं. परतल्यावर मी तिचे गुण खोडले आणि पाचही भेटी पुन्हा करायला सांगितल्या. तिनं घरी खरं सांगितलं. पुढं पंधरा दिवस तिचं ताट-वाटी घरात वेगळं ठेवलं गेलं. ती सकाळच्या एसटीनं येई, वस्तीत बसे; जिथं पाणी प्याली त्या पाच बायकांची नावं तिनं राधाबाईंना सांगितली. परीक्षेच्या आठ दिवस आधी सह्या झाल्या. आज ती नळदुर्गला एका संस्थेत आहे आणि आमच्याच कॉलेजच्या मुली तिच्या हाताखाली शिकायला जातात. मी निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला त्या वस्तीत जात राहिले, आणि दरवेळी वेगळ्या घरी बसले. एकीनं चुलीजवळ पाट दिला, दुसरीनं मला कांदे निवडायला लावले. माझे अहवाल छोटे झाले आणि खरे झाले.

राधाबाई गेल्याच्या चौथ्या दिवशी पल्लवी आणि मी भेटायला गेलो. घरात सुतक. अशा घरी भेटायला आलेलं माणूस काही घेत नाही आणि घरची माणसंही पुढं काही ठेवत नाहीत. ती रीत मी आयुष्यभर पाळलेली आहे. राधाबाईंची सून सुनीता आमच्याजवळ येऊन बसली. सासूबाई शेवटच्या दिवसापर्यंत कशा फिरत होत्या, ते ती सांगू लागली. उन्हातून आलो होतो. मी म्हणाले, "सुनीता, पाणी दे गं."

ती गोंधळली. "मॅडम, सुतक हाय. कसं देऊ?"

"तुझ्या सासूबाईंना मी काय सांगू मग?"

ती पदर सावरून उठली. आतून माठावरचं झाकण सरकवल्याचा आवाज आला. तांब्या-भांडं घेऊन ती आमच्यापुढं उभी राहिली, आणि पल्लवीनं माझ्याआधी हात पुढं केला.