काशीशेठचं व्हायोलिन, आयचा धवला

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी व्हायोलिनच्या गजाला राळ लावत बसले होते. स्क्रीनवर नाव काशीशेठचं. हा माणूस रविवारी सकाळी फोन करायचा तो एकाच कारणासाठी, काहीतरी नवीन विकत घेतलेलं असायचं... तार, गज, खुंटी, नाहीतर एखादं अख्खं व्हायोलिन. म्हणून मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "बोला शेठ, आता काय आणलंत?" पलीकडून मयूरीचा, त्यांच्या मुलीचा आवाज आला. "मावशी... पप्पा गेले." मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे?" तिला हुंदका फुटला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पहाटे छातीत कळ आली, हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. जुईनगर ते शिरवणे म्हणजे रिक्षाने हाकेवर, पण त्या दिवशी रस्ता संपता संपेना. त्यांच्या बिल्डिंगखाली उतरले तेव्हा कळलं की राळेचा खडा मी मुठीत घट्ट धरूनच निघाले होते. आता दोन महिने होत आले, पण 'काय आणलंत' हे मी कोणाला विचारलं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

आमची ओळख क्लासातली. महाप्याच्या कंपनीतून मी निवृत्त झाले, आणि घरात बसून भिंती बघण्यापेक्षा व्हायोलिन शिकायचं ठरवलं. यजमान म्हणाले, भजनी मंडळात जा, तिथे निदान प्रसाद मिळतो. मी मूळची साताऱ्याकडची, कोणी नको म्हटलं की हटकून तेच करणार. झेरॉक्सच्या दुकानावर आमच्या सरांचा क्लास. सगळी शाळकरी पोरंटोरं, आणि त्यांच्यात मी एकटी पिकल्या केसांची. दुसऱ्या आठवड्यात जिना दणाणला आणि पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, गळ्यात जाड साखळी असे एक गृहस्थ धापा टाकत वर आले. हातात व्हायोलिनची कोरी करकरीत पेटी, तिच्यावर दुकानाचं लेबल तसंच. व्हायोलिन खांद्यावर टेकवायची उशीसुद्धा दुकानदाराने त्यांच्या गळ्यात मारली होती. सर म्हणाले, "आपण मांडी घालून वाजवतो, ही उशी काही कामाची नाही." काशीशेठने एकदा उशीकडे बघितलं, एकदा स्वतःच्या पोटाकडे. "मांडी? सर, जेवताना पन मी खुर्चीवरच बसतो." सगळी पोरं फिदीफिदी हसली, आणि त्यांच्यात सगळ्यात मोठ्याने हसले ते काशीशेठच. मग भिंतीचा आधार घेत, कण्हत, एकेक गुडघा दुमडत ते खाली बसले आणि बसल्या बसल्या त्यांनी सरांना विचारलं, "सर, धवला बसंल का यावर?"

सरांना धवला म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी आगरी गावांना खेटून, जुईनगरात राहून जन्म काढलेला! क्लास सुटल्यावर खाली चहाच्या टपरीवर त्यांनी मला सांगितलं. आगऱ्यांच्या लग्नात पूर्वी धवलारीण लागायची. ती बाई धवले गाणार, आणि तिच्या गाण्यावर एकेक विधी पार पडणार, हळदीपासून ते पोरीच्या पाठवणीपर्यंत. काशीशेठची आई, ठमाआई, ही शिरवण्याची धवलारीण. आसपासच्या गावांतून तिला बोलावणी यायची. मग शेतं गेली, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, मांडवात बेंजो आला, बेंजोमागून डीजे आला. आणि त्यात ठमाआईच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आई वाचली, आवाज गेला. उरली नुसती फुसफुस. रेकॉर्डिंग म्हणाल तर कोणाच्या तरी हळदीतलं मोबाइलवरचं एकच, आणि त्यात डीजेच्या दणक्याशिवाय काही ऐकू येत नाही. काशीशेठ बशीत चहा ओतत म्हणाले, "शब्द बायांना थोडेफार येतात, ताय. चाल नाय येत कोनाला. आयची चाल माझ्या कानात हाय, पन गल्यातून निघत नाय. माझा गला म्हंजी फाटका भोंगा. म्हनून हा बाजा घेतला. मयूरीच्या लग्नात आयचा धवला वाजला पायजे. बस, दुसरा काय नको मना." मयूरी तेव्हा कॉलेजात होती. मी म्हटलं, भरपूर वेळ आहे हो शेठ.

तिथून पुढे आम्हा दोघांची जी वरात निघाली ती काय सांगू! शेठ दिलदार माणूस, त्यामुळे सूर लागला नाही की त्यांना वाटायचं सामानात खोट आहे. पहिलं व्हायोलिन कर्कश, म्हणून दुसरं. दुसऱ्याच्या खुंट्या घसरतात, म्हणून तिसरं. मी त्यांना खुंटीला खडू लावायला शिकवलं, तर दुसऱ्या दिवशी हे खडूची पेटी घेऊन हजर. गजाला राळ इतकी फासायचे की वाजवायला लागले की पांढरा धुरळा उडायचा आणि पुढे बसलेली पोरं शिंकायची. कधी स्टीलच्या तारा, कधी चामड्याच्या म्हणून कोणीतरी विकलेल्या, कधी तारांखालची घोडीच बदल. मुंबईच्या दुकानांत मी त्यांच्याबरोबर जायची. दुकानदार त्यांची साखळी बघून महागातलं काढायचा, आणि मी ते मागे ठेवायला लावायची. "शेठ, आधी सा लावा, मग बाकीचा बाजार!" असं मी भर दुकानात ओरडले आहे. ते वरमून म्हणायचे, "ताय, तुमी लय मारता." पण एक सांगते, इतका रियाज त्या क्लासात दुसऱ्या कोणी केला नाही. बोटांना घट्टे पडले, गुडघ्याला तेल चोळून चोळून पॅन्टी खराब झाल्या, तरी हा माणूस मांडी मोडायला तयार नव्हता.

दर रविवारी परीक्षा असायची. शिरवण्याला त्यांच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आयची खोली. (सगळी गल्ली तिला आय म्हणते, मग मीही म्हणायला लागले.) खिडकीशी लोखंडी कॉट, तिच्यावर वाळून एवढीशी झालेली आय, नऊवारी कासोटा, कपाळावर गोंदण. काशीशेठ जमिनीवर बसायचे, इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावायचे आणि धवला सुरू करायचे. आय डोळे मिटून ऐकायची. संपलं की मान हलवायची. "नाय." एवढंच. कधी अर्ध्यातच "नाय". काशीशेठ आतल्या खोलीकडे बघून ओरडायचे, "नापास झालो गं, जेवन वाढ!" मग वहिनी तांदळाच्या भाकऱ्या आणि कालवण घेऊन यायच्या आणि आम्ही जेवायचो. मला एकदा राहवलं नाही. मी म्हटलं, "आय, एवढा जीव तोडून वाजवतायत, एकदा तरी बरं म्हणा की!" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गपकन भाकरीत तोंड घातलं. नंतर जिन्यात काशीशेठ म्हणाले, "तिला खोटा बोलता येत नाय, ताय. धवल्याचं तर बिलकूल नाय." हसत म्हणाले खरे, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. हा एवढा थोरला बाप्या, चार बिल्डिंगांचा मालक, आईच्या एका होकारासाठी झुरत होता. मला त्यांची फार माया वाटायची. राग पण यायचा. दोन्ही.

मग गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी लाइट गेली. तानपुरा बंद पडला. काशीशेठ वैतागून गज खाली ठेवणार, तोच आयने कॉटच्या कडेवर थाप मारली. आणि त्या बंद पडलेल्या गळ्यातून तिने सूर काढला. सूर कसला, घशातल्या घशात घुमल्यासारखं काहीतरी. जाड, घोगरं आणि खूप खालचं. तेव्हा कुठे आमची चूक आमच्या लक्षात आली. इतकी वर्षं आम्ही व्हायोलिन लावत होतो क्लासाच्या पट्टीत. सरांनी सांगितलं ते प्रमाण, आणि बाईचा आवाज म्हणजे उंचच असणार असं आम्ही दोघांनीही गृहीत धरलेलं. आणि ठमाआई गायची ती पुरुषाच्याही खाली. काशीशेठने कपाळावर हात मारला. "आरं देवा... मी लहान व्हतो, मांडीवर बसून ऐकायचो, तवा तिची छाती वाजायची माझ्या पाठीला! ह्या कसा इसरलो?" त्यांनी खुंट्या सोडायला सुरुवात केली. खाली, अजून खाली. आय घुमत होती, ते तार तिच्यापर्यंत उतरवत होते. तारा इतक्या सैल झाल्या की वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबायला लागल्या. वाजवलं तेव्हा निम्मे सूर फडफडले. पण धवला संपला आणि आय काही बोललीच नाही. "नाय" म्हणालीच नाही! काशीशेठ माझ्याकडे बघत राहिले, आणि मग एवढा मोठा माणूस ओक्साबोक्शी रडला.

आता जाड तारा हव्या होत्या. दुकानदार म्हणाला, या तर मोठ्या वाद्याच्या तारा, तुमच्या व्हायोलिनला कशाला? काशीशेठ ऐटीत म्हणाले, "माझ्या आयला पायजेत." सगळ्या खरेदीत ही एकच खरेदी मी अडवली नाही. सरांना मात्र ते पटलं नाही, म्हणून क्लासाला एक व्हायोलिन आणि आयला दुसरं असा संसार सुरू झाला. मयूरीचं लग्न ठरलं. धवला बसत आला होता, फक्त एक जागा सोडून. शेवटाकडे, पोरगी उंबरा ओलांडते तिथे, चाल वर जाऊन हलकेच खाली येते. तिथे काशीशेठचं बोट दर वेळी पुढे घसरायचं, सूर जास्त वर जायचा आणि मग धडपडत परत यायचा. तेवढ्याच जागेवर आयची भुवई वर जायची. "थोडा," ती कुजबुजायची. थोडं राहिलंय. शेवटचे भेटलो त्या दिवशीही तेच झालं. मी म्हटलं, "शेठ, तिथे पोरगी उंबऱ्याला ठेच खाऊन पडतेय!" ते खो खो हसले. "लग्नापर्यंत बसंल, ताय. जातंय कुठं?"

कुठे म्हणजे...

ते गेल्यावर लग्न पुढे ढकलायचं चाललं होतं. जाणती माणसं जमली, वर्षभर थांबू म्हणाली. आयने सगळ्यांसमोर हात वर केला. "लगीन होनार." लग्नाची तारीख होती तीच राहिली. तेराव्यानंतर मयूरी माझ्याकडे आली, बरोबर ती व्हायोलिनची पेटी. "मावशी, तुम्हीच वाजवा ना. दुसरं कोणी नाही आहे." मी म्हटलं, अगं बाई, मला कुठे येतो, मी नुसता ऐकलाय. पण तिच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. म्हटलं, पेटी घरी ने, मी तिकडेच येते. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी आयच्या खोलीत जाते. खोली होती तशीच आहे. काशीशेठ बसायचे तिथे भिंतीला त्यांच्या पाठीचा तेलकट डाग आहे, तो वहिनींनी पुसू दिलेला नाही. मी पेटी उघडते, राळेचा वास येतो, गजाच्या मुठीवर त्यांच्या अंगठ्याने झिजलेली जागा दिसते. दमट हवेने खुंट्या रोज सैल पडलेल्या असतात. आय घुमते, मी तारा तिच्यापर्यंत आणते, आणि मग माझी परीक्षा. "नाय." "नाय." आता मला कळतं, तो माणूस दर रविवारी काय सोसत होता, आणि वर हसून जेवत होता.

परवा मात्र बोटं वळली. पहिल्यापासून चाल नीट चालली, आणि ती शेवटची जागाही मी अगदी बरोबर घेतली. आयने पूर्वी घुमून दाखवली होती तशीच, वर जाऊन हलकेच खाली, कुठेही न सांडता. मला वाटलं, जमलं! शेठ, बघा, उंबरा ओलांडला तुमच्या पोरीने! मी मान वर केली. आय मान हलवत होती.

"नाय."

"आय, बरोबर तर घेतलं! तुम्ही शिकवलं तस्संच!"

तिने कॉटवरून वाकून माझ्या मनगटाला धरलं. "काशी असा नाय वाजवायचा," ती कुजबुजली. आणि तिने स्वतः ती जागा घुमून दाखवली, त्या जखमी गळ्यातून. सूर वर गेला, हवा होता त्याच्याही वर घसरला, आणि धडपडत परत आला. जी चूक तिने त्यांना इतक्या रविवारी माफ केली नव्हती, ती तिच्या कानात जशीच्या तशी होती. खिडकीखाली गल्लीत कोणाच्या तरी हळदीचा डीजे लावून बघत होते. मला समोरचं काही दिसेना, तारासुद्धा दिसेनात. पदराने डोळे पुसले, गज पुन्हा उचलला, धवला पहिल्यापासून सुरू केला, आणि उंबऱ्यापाशी आले तेव्हा बोट काशीशेठसारखं पुढे घसरू दिलं.

आय 'नाय' म्हणाली नाही.