अण्णांची मुकी गाडी

हा किस्सा मी आजवर कुणाला सांगितला नाही. सांगायची गरजच पडली नाही, आमच्या गॅरेजचे उस्तादच सगळ्या जळकोट गावाला सांगत असतात! पण ते मीठमसाला लावतात. म्हणून एकदा माझ्या तोंडून ऐका.

नववीत शाळा सुटली आणि मी हायवेवरच्या सिद्राम उस्तादांच्या गॅरेजात लागलो. पाच वर्षं पाने पुसले. गेल्या वर्षी खंडेनवमीला उस्तादांनी गाडीचा बिघाड शोधायचा स्कॅनर माझ्या हातात दिला. "आजपासनं ही मशीन तुझी. पूजा बी तूच कर."

मला रडूच आलं. जॅकला, पान्यांना एकेक बोट कुंकू लावलं. स्कॅनरची पूजा मात्र मी अगदी साग्रसंगीत केली.

दसरा झाला, गॅरेज उघडलं. उस्ताद सामान आणायला लातूरला गेलेले. मी एकटा. अकरा वाजता काशीनाथअण्णांची गाडी दारात. अण्णा धान्याचे व्यापारी. सोबत मुलगी गौरी, मांडीवर पुस्तक. अण्णा मला तम्मा म्हणतात, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

"तम्मा, ष्टेरिंग जड झालंय. म्होरं डॅशबोर्डवर सगळे दिवे पेटल्यात. हिची नर्सिंगची परीक्षा हाय, अडीचला सोलापुरात. हुईल का? न्हायतर एस.टी.नं जातो, ती बघ यायलीच."

तुम्ही असता तर काय म्हणाला असता? मी म्हणालो, "दहा मिनटं, अण्णा!"

एस.टी. गेली.

आता जरा समजून घ्या. हल्लीच्या गाडीत दहा-बारा छोटे कंप्युटर असतात. इंजिनचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, स्टेरिंगचा वेगळा. ते दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशी बोलतात. स्कॅनरचा प्लग स्टेरिंगखालच्या सॉकेटात लावला, की कोण गप्प बसलंय ते कळतं.

लावला. पडदा उजळला. इंजिन? 'संपर्क नाही.' ब्रेक? 'संपर्क नाही.' स्टेरिंग? तेच! अख्खी गाडी मुकी!



"अण्णा, मेन लाईनच तुटलेली दिसतीय. उंदरानं खाल्ली असंल."

"गाडीत उंदीर?"

"तुम्ही धान्य न्हेता की हिच्यातनं."

मला वाटलं, काय डोकं चालतंय माझं!

बॅटरी सोडली, स्कॅनर काढून आरशाला टांगला, सॉकेटात मीटर लावला. तारा धड असतील तर साठ ओहम दाखवतो. किती दाखवले? साठ! शहाण्या माणसानं तिथंच थांबावं. मी मीटरवर संशय घेतला. बॅटरी परत जोडली, टर्मिनल करकचून आवळलं आणि डॅशबोर्डखाली शिरलो.

खालचं कव्हर काढलं. पट्ट्या काढल्या. सीट काढली. मॅट उचललं. खाली मूठभर तूर सापडली. उंदीर नाही.

"तम्मा, बारा वाजून गेले."

"दहा मिनटं, अण्णा."

"मगाशी बी दहाच हुती!"

गौरीनं पुस्तक मिटलं. नुसती रस्त्याकडं बघत राहिली. तेच जास्त लागलं हो! पुढची एस.टी. दीडला, म्हणजे पोचून उपयोग नाही. पोरीचं वर्ष जायची वेळ, आणि माझ्या हातात काय? सीटचे चार बोल्ट!

आरशाला टांगलेला स्कॅनर मधे यायला लागला. "ताई, जरा धरा ओ," म्हणून तिच्या हाती दिला आणि परत खाली वाकलो.

"दादा," ती हळूच म्हणाली, "ह्या प्लगमधी लाल काय हाय?"

"गंज असंल."

"गंज न्हाय. कुंकू हाय." तिनं बोट दाखवलं. "हळद बी हाय."

माझं डोकं डॅशबोर्डवर आपटलं!

खंडेनवमीला प्लगच्या तोंडातच मी ओलं हळदकुंकू भरलं होतं. भक्तीनं, दाबून! आत वाळून दगड झालेलं. करंट तेवढा जात होता म्हणून पडदा उजळायचा. बोलायच्या पिना मात्र बंद. गाडी मुकी नव्हतीच. माझ्या मशीनचं तोंड मीच लिंपलं होतं.

दातांचा ब्रश, स्पिरिट, हवेचा फवारा. परत लावला. गाडी घडाघडा बोलायला लागली! आणि बिघाड? एकच जुनी नोंद: बॅटरीचा दाब कमी. म्हणजे टर्मिनल ढिलं. जे मी मघाशीच आवळलं होतं! चावी फिरवून दिवे बघायचंही सुचलं नव्हतं. गाडी कधीच बरी झालेली, आणि मी तिचं पोट फाडत बसलेलो.

चारही बोल्ट मारून सीट बसवली, तारा टेपनं बांधल्या. कव्हर बसवायला वेळ कुठला? ते डिकीत टाकलं. पावणेएकला गाडी सुटली. मी रस्त्यावर उभा, हातात ब्रश.

दोन वाजता फोन वाजला. तीनदा वाजू दिला, मग उचलला.

"पोचलो. पोरगी आत गेली," अण्णा म्हणाले. "आन तम्मा, ती तूर ठिवून दे. उंदराला हुईल."

यंदाच्या खंडेनवमीला पूजेचं ताट उस्तादांनी माझ्याकडं दिलंच नाही. स्कॅनरला आधी प्लास्टिकची पिशवी घातली, मग पिशवीला कुंकू लावलं. उरलेलं सगळं माझ्या कपाळाला फासलं आणि म्हणाले,

"मशीनला काय करायचं? फॉल्ट हितं हाय."